मापाची गोधडी

गुडघा गेला आणि चौदा वर्षांनी मी कात्रपच्या घरी कायमचा परतलो. आईने गोधडी काढली. ज्या ज्या संघाकडून बास्केटबॉल खेळलो, त्याची जुनी जर्सी सुट्टीत घरी टाकून जायचो. तिने सगळ्या जोडल्या होत्या. रेल्वेची निळी, मद्रासच्या बँकेची पिवळी, मस्कतच्या क्लबची हिरवी. पांघरली तर पाय उघडेच. “आखूड झाली गं.” “कशी होईल? मापाने शिवलीय,” म्हणत तिने दाराच्या चौकटीवरची रेघ दाखवली. सातवीत खेळाच्या हॉस्टेलला निघालो त्या सकाळी बाबांनी उभं करून खिळ्याने ओढलेली. ती आता खांद्याशी येते. आई पायांकडे बघतच राहिली. “अजून एक जर्सी दे, जोडते.” “आता नाही मिळायची, आई.” तिने ट्रंकेतून जुनं लुगडं ओढलं. “पायाशी तुझं लुगडं नको.” “तान्हेपणी तुला यातच गुंडाळायचे. तेव्हा बरा निजायचास पाय आत घेऊन.”