दोन बोटं कमी

पंचांनी चिमणीच्या खांद्याला मोजपट्टी लावली, वाकून आकडा पाहिला आणि मान हलवली. कुत्री दोन बोटं कमी भरली. रिंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या रामेश्वरच्या जिवाला गार वाटलं. एवढंच पाहायला त्याने दगडाबाईला आग्रह करकरून कडा गावच्या कुत्र्यांच्या प्रदर्शनात आणलं होतं.

चिमणी मुळात त्याचीच. चार वर्षांपूर्वी त्याने लातूरकडून कारवानी जातीची दोन पिल्लं आणली होती, दोन वेगळ्या घरांतली, पुढे जोडी लावायची म्हणून. नर सुलतान ताडमाड वाढला. मादी मात्र आखूडच राहिली. वर छातीवर हा एवढा पांढरा डाग. सहाव्या महिन्यात रामेश्वरने ती दगडाबाईला देऊन टाकली. दगडाबाई म्हणजे गावातली मेंढरं राखणारी म्हातारी, नवऱ्यामागे पन्नास मेंढरांचा कळप एकटीने सांभाळणारी. तिला राखणीला कुत्रं हवंच होतं.

त्यानंतर सुलतानने दूध-अंडी खाल्ली, पंख्याखाली झोप काढली आणि तीन प्रदर्शनांत पहिला नंबर आणला. पण गावात बोलणं निघायचं ते चिमणीचं. चिमणीने कुणाच्या भुईमुगातून रानडुकरं हुसकली. चिमणीने लांडग्याच्या तोंडातलं कोकरू सोडवलं. दिवाळीत नगरहून पाहुणे आले, तुमच्या गावची ती नावाजलेली कारवानी बघायची आहे म्हणाले. रामेश्वरने सुलतानला धुऊन-पुसून ओट्यावर आणलं, तोवर त्याचा चुलतभाऊ बिभीषण पाहुण्यांना घेऊन थेट दगडाबाईच्या मेंढवाड्यावर पोचला होता.

तेव्हापासून चिमणी रस्त्याने जाताना दिसली तरी रामेश्वर तोंड फिरवायचा. आपण एका कुत्रीवर जळतो, हे सांगायचं तरी कुणाला?

रिंगणात पंचांनी कागदावर खुणा केल्या. उंची कमी, डाग मोठा, एक कान फाटलेला. चिमणी बाद झाली. दगडाबाईने दोरी धरली, कुत्रीला लिंबाच्या सावलीत नेऊन पाणी पाजलं आणि स्वतः भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसली. तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही, ते रामेश्वरला खटकलं. ढाल मात्र सुलतानलाच मिळाली.

फोटो झाल्यावर पंचांनी त्याला बाजूला घेतलं. ते पुण्याचे, जनावरांचे निवृत्त डॉक्टर. ती आखूड मादी कुठली, असं त्यांनी विचारलं. माझ्याच घरची, पण मापात बसेना म्हणून देऊन टाकली, असं रामेश्वर म्हणाला.

“तुमचा सुलतान दोन फेऱ्यांत धापा टाकायला लागला,” ते म्हणाले. “कागदावर धापेला रकाना नाही, म्हणून पहिला नंबर त्याचा. पण हा कागद लिहिणाऱ्यांनी रानात पळणारी कुत्री बघून लिहिला होता. आता तुम्ही कागद बघून कुत्री वाढवता. पुढची पिल्लं धड हवी असतील तर त्या मादीकडून घ्या.”

हे ऐकून रामेश्वरच्या अंगाचा तिळपापड झाला. पण सांगणारा माणूस जाणता होता. चार दिवस धुसफुस करून तो शेवटी सुलतानला घेऊन मेंढवाड्यावर गेला. सुलतान आणि चिमणीची जोडी लावू, पिल्लं निम्मी निम्मी घेऊ, असं त्याने सांगितलं. त्याला वाटलं होतं, म्हातारी हरखून जाईल. दगडाबाईने सुलतानला नखशिखांत न्याहाळलं.

“उंचीचं मला कळत न्हाई, बापू,” ती म्हणाली. “आठ दिस मेंढरांमागं सोड त्याला. मग सांगते.”

चारदा पहिला आलेला कुत्रा, आणि त्याची परीक्षा ही घेणार! रामेश्वर साखळी ओढून परत निघालाही होता. पण गावात हे कळणार, आणि सुलतान घाबरला असं लोक म्हणणार, या विचाराने तो वळला. त्याने साखळी सोडली.

पहिल्या दिवशी सुलतानच्या पायांना फोड आले. दुसऱ्या दिवशी एका एडक्याने त्याला शिंगावर घेतलं, ही बातमी बिभीषणने हसत हसत घरी आणून दिली. तिसऱ्या दिवसापासून रामेश्वर स्वतःच बांधाआड उभा राहून बघायला लागला. चिमणी पुढे, सुलतान मागे. ती वळली की हा वळायचा. पाचव्या दिवशी कापसात घुसणारी पाच-सहा मेंढरं सुलतानने एकट्याने वळवून आणली. बांधाआड रामेश्वरचे डोळे भरून आले, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं.

आठव्या दिवशी तो साखळी घेऊन गेला. सुलतान वाळला होता. अंगाला कुसळं चिकटली होती, नाकावर ओरखडा होता. तो कळपाच्या कडेला बसून होता, ताठ, प्रदर्शनात कधीच बसला नव्हता तसा.

“पास हाय का, मावशी?” रामेश्वरने विचारलं.

“लई गुणाचा हाय,” दगडाबाई म्हणाली. “लाव जोडी.”

रामेश्वरला ढालींचा आनंद याच्यापुढे फिका वाटला. त्याने साखळी हातात घेतली आणि मोठ्या मायेने सुलतानला हाक मारली.

सुलतानने कान टवकारले, शेपूट हलवली, पण जागचा हलण्याआधी मान वळवून दगडाबाईकडे पाहिलं. “जा,” ती म्हणाली, तेव्हा कुठे तो उठला.