निरोगी मेंदू

“तुमच्या आईचा मेंदू आम्ही संशोधनासाठी निरोगी म्हाताऱ्यांच्या गटात ठेवला होता,” डॉक्टर चिंतना म्हणाल्या, आणि बुआलाईचं डोकंच फिरलं.

“निरोगी? कुणी सांगितलं?”

डॉक्टरांनी फॉर्म पुढे सरकवला. विस्मृतीचा आजार : नाही. खाली तिच्या थोरल्या भावाची, प्रासितची, झोकदार सही. जन्मभर पोरांच्या वह्या तपासणारा हेडमास्तर, पण खोटं लिहिताना हात थरथरला नाही मेल्याचा! आता शेजारच्या खुर्चीत बसून तो खिडकीतून चिआंग माईचा डोंगर बघत होता, जन्मात कधी न बघितल्यासारखा.

देहदान करणाऱ्याला इथे आचार्य म्हणतात. डॉक्टरही आईला आचार्यच म्हणत होत्या. “वयाबरोबर मेंदूतली काही जनुकं मंदावतात, काही जास्त काम करू लागतात. ते सगळ्यांचंच होतं. पण आचार्यांच्या मेंदूत आठवणी सांभाळणारी जनुकं जवळजवळ गप्प होती, आणि सूज आणणारी जोरात चालू. या गटात असं दुसरं कुणाचंच नाही. आजार होता हे तुम्ही दोघांनी लिहून दिलंत तर गट बदलू. नाहीतर नमुना बाद करावा लागेल.”

“बाद?” बुआलाई ताडकन उठली. “नऊ वर्षं मी तिला भरवलं, धुतलं, घरातून निघून गेली की गल्ल्या पालथ्या घातल्या. आणि दादा, तू एका शब्दात सगळं पुसून मोकळा झालास?”

“हळू बोल गं. माझ्या पोरीचं लग्न ठरतंय, घराण्यात वेड आहे म्हणतील लोक. आणि म्हातारपणी कोण विसरत नाही? मला तर आई शेवटपर्यंत ओळखत होती. सोंक्रानच्या सणाला आलो की नावानं हाक मारायची.”

“नावानं!” बुआलाई असं काही हसली की डॉक्टर दचकल्या. “अरे, बर्फवालाही प्रासित, टपालवालाही प्रासित! विहारातल्या भंतेंनासुद्धा ती प्रासित म्हणायची. दिसेल तो बाप्या प्रासित!”

प्रासितनं मान खाली घातली.

“आणि तुम्हाला काय म्हणायच्या?” डॉक्टरांनी हळूच विचारलं.

“लिहून घ्या, डॉक्टर. रोज मऊ भात भरवताना मला विचारायची, ‘बाई, तू सारखी इथेच असतेस. तुला तुझी आई नाही का गं?’”