दोन पंगतींची खीर

एस्किलच्या थुंकीत हिरवा जंतू निघाला, तसा सोल्वायने आईला फोन करून सांगितलं, "या नाताळाला माझं पान मांडू नकोस. यापुढे कधीच नको."

ही दोघं सख्खी भावंडं, जन्मापासून एकाच आजाराची. फुप्फुसात चिकट कफ साठतो आणि त्यात जंतू मुक्काम ठोकतात. थोरल्या सोल्वायमध्ये शाळेत असतानाच हिरवा शिरला. एस्किलकडे नुसता सोनेरी जंतू, त्यातल्या त्यात बरा. हिरवा एकदा बसला की उठायचं नाव घेत नाही, आणि खोकल्यातून शेजाऱ्याकडे जातो. म्हणून कोपनहेगनच्या त्या दवाखान्यात हिरव्यांचा मंगळवार असतो आणि बाकीच्यांचे वार वेगळे. घरीही तोच नियम लागला. तेव्हापासून बहीणभाऊ एका टेबलाला बसलेले नाहीत.

नाताळची तांदळाची खीर त्यांची आई दोन पंगतींत वाढते. आधी सोल्वाय जेवून जाते. मग आई सगळ्या खिडक्या सताड उघडते, कोट चढवून कुडकुडत बसते आणि मग एस्किलला आत घेते. दोन्ही पातेल्यांत एकेक अख्खा बदाम असतो. ज्याच्या वाटीत तो येईल त्याने गालात दडवून मुकाट बसायचं. बाकीचे बदामाच्या आशेवर पातेलं चाटूनपुसून संपवतात, तेव्हा कुठे तो दाखवायचा आणि मार्झिपानचं, म्हणजे बदामाच्या मिठाईचं, डुक्कर बक्षीस घ्यायचं. आई आणि एक लेकरू, अशा दोघांच्या पंगतीत कसली आलीय लपवाछपवी? पण ही बाई ऐकेल तर शपथ.

गेल्या नाताळाला एस्किल जरा लवकर आला. सोल्वाय जिना उतरत होती. नियम दोघांनाही तोंडपाठ. तरी तिने त्याला घट्ट मिठी मारली, आणि त्याच्या खांद्यावरच तिला खोकल्याची उबळ आली. झालं ते एवढंच. पण वर्षभरात एस्किलचा नमुना हिरवा आला, आणि हिने भावाच्या आजाराचा दोष स्वतःच्या माथी घेतला.

आज मंगळवार. तळमजल्यावरच्या खोलीत सोल्वाय डॉक्टर बोडिलसमोर बसली होती. एस्किल खिडकीबाहेर, बर्फात सायकल धरून उभा. टेबलावर फोन चालू ठेवलेला. बोडिलने दोघांना लहानपणापासून सांभाळलंय, आणि सोल्वायच्या दर वर्षीच्या नमुन्यातले जंतूही गोठवून ठेवलेत. कुणी पोस्टाची तिकिटं जमवतं, ही जंतू जमवते.

"सरळ सांग, बोडिल. त्याच्यातला हिरवा माझाच ना?"

"तुझाच."

सोल्वायने डोळे मिटून घेतले.

"मिठी मीपण मारली होती," फोनमधून एस्किल म्हणाला. "सगळं श्रेय एकटीने लाटू नकोस."

"तू गप बस रे."

"दोघंही गप्प बसा, मला पुरतं बोलू द्या," बोडिल म्हणाली. "तुझाच आहे, पण आजचा नाही. तुझ्या आजच्या जंतूशी लावून पाहिला, जुळेना. म्हणून फ्रीजरमधले जुने काढले. तुझ्या शाळेतल्या पहिल्यावहिल्या नमुन्याशी त्याचं मूळ जुळलं. वर त्याचे स्वतःचे इतके बदल झालेत, की ते वर्षभरात व्हायचे नाहीत. त्याला निम्मं आयुष्य लागतं."

सोल्वायने डोळे उघडले. "मग इतकी वर्षं तो होता कुठे?"

"त्याच्याच छातीत. तुझ्याकडे हिरव्याला मोकळं रान मिळालं, तो माजला. इथे सोनेरी आधीच ठाण मांडून बसलेला. हिरवा पहिल्यांदा भांडला असेल, मग शहाणा झाला. विष बनवायचं सोडलं, अंग चोरलं, दुसऱ्याच्या उष्ट्यावर भागवायला शिकला. इतका थोडा उरला, की आमच्या हातीच लागला नाही. या उन्हाळ्यात आम्ही औषध देऊन सोनेरी हाकलला, तेव्हा हा बाहेर आला. म्हणून तर हिरवा असूनही तुझा भाऊ सायकल मारत आलाय."

बोडिलच्या आवाजात कौतुक होतं आणि तिने ते लपवलं नाही. का लपवावं? डोळ्यांना न दिसणारा जीव, पण दांडग्या शेजाऱ्यापाशी राहून स्वभाव बदलला त्याने. माणसांना जमत नाही ते.

"म्हणजे मिठी..."

"मिठीचा काडीचा संबंध नाही. आम्ही तुम्हाला वेगळं बसवलं, त्याच्या आधीच तो याच्याकडे पोचला होता."

बाहेर एस्किलने टोपी काढली आणि उगाचच तिच्यावरचा बर्फ झटकत राहिला. वेगवेगळे काढलेले इतके नाताळ दोघांच्याही मनात आले असणार.

"मग आता एकत्र बसू आम्ही?" सोल्वायने विचारलं.

"नाही. तुझा आजचा हिरवा भलताच दांडगा आहे, त्याच्यातल्या गरीब हिरव्याला खाऊन टाकेल. पंगती दोनच."

सोल्वाय रडली आणि रडता रडताच हसायला लागली. इतके दिवस छातीवर धरलेला दगड उतरला होता, आणि हा कफाचा नव्हता. ती फोनकडे वाकली.

"आईला सांग, माझं पान मांड म्हणावं. पहिली पंगत माझीच."

"सांगतो," काचेपलीकडून एस्किल म्हणाला. "पण डुक्कर मला हवं, ताई. बदाम पहिल्यापासून माझ्याच गालात होता."