निळ्या स्वेटरमधल्या बाई

बायको, ग्लेनिस, वारल्यापासून एरल रोज सकाळी डेव्हनपोर्टच्या बंदरावर जाई. तिथले पुतळे, रंगवलेल्या भिंती, रिकामी बाकं यांचे फोटो काढी आणि घरी येऊन फोटोंच्या ग्रुपवर टाकी. त्यात आवड अशी काही राहिली नव्हती. सकाळ सरायची, एवढंच.

एकदा पर्थच्या कुणा अनोळखी माणसानं फोटोखाली लिहिलं, "निळ्या स्वेटरमधल्या बाई आजही आहेत की. मिसेस का?"

एरलनं फोटो मोठा करून पाहिला. बाक रिकामं होतं. त्यानं बहिणीला, लोर्नाला, फोन लावला. दफनाआधी ग्लेनिसच्या अंगात निळा स्वेटर लोर्नानंच चढवला होता.

पर्थवाल्यानं लिहिलेलं त्यानं तिला वाचून दाखवलं. लोर्ना म्हणाली, "मला वाटलं, ग्रुपवर तू जुनेच फोटो टाकतोयस. म्हणून विचारलं नाही रे."

"तुला दिसते ती?"

"गेल्या आठवड्यात समुद्राकडे बघत होती. आजच्यात तुझ्याकडे बघतेय."

एरलला भीती वाटली नाही, रडूही आलं नाही. फोन चालूच ठेवून त्यानं स्वयंपाकघरातल्या टेबलाचा फोटो काढला आणि तिला पाठवला. त्याला त्यात दोन रिकाम्या खुर्च्या दिसत होत्या.

"इथंही आहे का ती?"

"आहे." लोर्नाचा आवाज बारीक झाला होता. "एरल, घरात आणखी कोण आहे?"

"कुणी नाही. का?"

"मग हा फोटो काढला कुणी? तिच्या शेजारच्या खुर्चीत तू बसलायस."