खंड्याची डाळ

दुष्काळाचं दुसरं वर्ष. कडब्याची गंजी राखणारा खंड्या कुत्रा वाळून काडी झाला, तसा जानराव त्याला मानोऱ्याच्या गुरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला.

"याला मटण खाऊ घाला," डॉक्टर म्हणाले. जानरावनं गळ्यातली तुळशीची माळ दाखवली.

"मग मुगाची डाळ शिजवून घाला. तिच्यातही ताकद असते."

तेव्हापासून घरात रोज खंड्यापुरती वाटीभर डाळ शिजू लागली. बाकीच्यांना रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकर आणि तिखट. जानरावची म्हातारी माय, गोजराबाई, दोन महिने ओसरीत पडून होती. उठवत नव्हतं. तोंडात दात नव्हते, म्हणून ती भाकर पाण्यात भिजवून चघळायची.

एका दुपारी जानराव तिच्या खाटेजवळ बसून खंड्याची डाळ गार करत होता.

"उभा राह्यला का रे तो?" गोजराबाईनं विचारलं.

"उभा? आता तं धावाले लागला माय."

ती बराच वेळ वाटीकडे पाहत राहिली. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली,

"पुन्हा मानोऱ्याले जाशीन, तं त्या डाक्टरले मलेबी दाखव."