उलटा पेला

पेल्याच्या तोंडाला लावलेली जुनी लग्नपत्रिका घसरली आणि उलट्या पेल्यातलं सगळं पाणी लहानूमामांच्या पायजम्यावर सांडलं. खोलीत दाटीवाटीनं बसलेल्या पोरी खो-खो हसल्या.

"आबा, पुन्हा करा ना!" मामांची नात कळवळून म्हणाली. 'आमच्या आबांना सगळे प्रयोग येतात' अशी बढाई मारून तिनंच वर्गातल्या मैत्रिणींना घरी आणलं होतं.

येत होते तसे. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मामांनी चौतीस वर्षं नोकरी केली होती. सामान मांडायचं, भांडी विसळायची आणि सर शिकवायला लागले की खांद्यावर फडकं टाकून दाराशी उभं राहायचं. 'मामा, बीकर आणा', 'मामा, पंखा बंद करा'. प्रयोग समजावून सांगायला मात्र त्यांना कधी कुणी बोलावलं नव्हतं.

त्यांनी पेला पुन्हा काठोकाठ भरला, पत्रिका तळहातानं दाबून धरली, पेला उलटा केला आणि श्वास रोखून हात काढला.

पाणी जागचं हललं नाही!

"आता सांगा, पत्रिकेला कुणी धरलंय?" मामांचा आवाज त्यांनाच नवा वाटला. "हवेनं! वरून पाणी दाबतंय, पण खालून हवा त्याहून जोरात ढकलतेय."

पोरी टाळ्या पिटत उठल्या. शेजारची चिमुरडी ओरडली, "सर, आता मी करू?"

पेला तसाच हातात धरून मामा अदबीनं बाजूला सरकले आणि कोण सर आले म्हणून दाराकडे बघू लागले.

दारात कुणीच नव्हतं.