बिनकामाचं जनुक

डीएनएचा लांबलचक धागा ज्या रिळांवर गुंडाळलेला असतो, ती रिळं म्हणजे हिस्टोन. ती घडवणाऱ्या जनुकांच्या खानदानातलं एक जनुक साफ बिनकामाचं आहे, असं प्राध्यापकसाहेबांनी छातीठोकपणे छापून आणलं होतं. त्यांची कीर्ती काय ती एवढीच. संध्याकाळी घरी आले की सोफ्यावर पसरलेल्या मेहुण्याकडे बोट दाखवून ते म्हणत, "हे आमच्या घरातलं तसलंच जनुक. दिसायला घरच्यांसारखं, काम शून्य, आणि काढून टाकायची सोय नाही!" मेहुणा बिचारा हसून त्यांना बसायला जागा करून द्यायचा.

आज मात्र साहेब तोंड पाडून आले. त्यांच्याच विद्यार्थिनीने ते जनुक व्यवस्थित काम करताना पकडलं होतं.

"अहो, मग इतकी वर्षं तुम्हाला कसं दिसलं नाही?" बायकोने विचारलं.

"पेशीचे दोन भाग होण्याआधी हिस्टोन भराभर लागतात, म्हणून मी तेव्हाच पाहिलं. हे पठ्ठं पेशी शांत झाल्यावर कामाला लागतं. माझी बघायची वेळच चुकली गं!"

"माझ्या भावाचंही तसंच आहे. बाबांचं पथ्यपाणी, मुलांची ने-आण, गळका नळ, सगळं उरकून तो जरा आडवा होतो, आणि नेमके तेव्हाच तुम्ही येता."

मग चहाचा कप त्यांच्या हातात देत ती म्हणाली, "तुमची घरातली कामाची वेळ कोणती, ती मात्र मला अजून सापडायची आहे."